काठावरचं लिव्हर : ‘लिव्हर मिळतंय’ असा कॉल आला तर हो म्हणावं का, आणि पुढच्या दहा वर्षांचं काय?

मी पुण्यात अवयव प्रत्यारोपण समन्वयक म्हणून काम करते. डॉक्टर नाही. दाता असलेलं रुग्णालय, सर्जन, झेडटीसीसी (अवयवांचं वाटप करणारं विभागीय केंद्र) आणि तुम्ही यांच्या मधे फोन धरून उभी असलेली बाई, एवढीच माझी ओळख. समुपदेशनाच्या खोलीत ‘मार्जिनल’ हा शब्द एकदा कानावर पडला की समोरची माणसं पुढचं काही ऐकत नाहीत, समोरचा चहा तसाच गार होतो. म्हणून तिथे पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे लिहून काढलेत. वाचून झालं की आपल्या डॉक्टरांशी बोला, कारण तुमची फाइल त्यांच्यासमोर आहे, माझ्यासमोर नाही.

मार्जिनल लिव्हर म्हणजे खराब लिव्हर का?

नाही. खराब लिव्हर कोणी लावत नाही, ते सोडून दिलं जातं. मार्जिनल म्हणजे आपल्या शाळेच्या भाषेत काठावर पास झालेलं. पहिल्या वर्गात आलेलं लिव्हर म्हणजे तिशीतला, सडपातळ, आयसीयूत एक-दोनच दिवस असलेला मेंदूमृत (मेंदू कायमचा बंद, पण यंत्राच्या आधाराने हृदय चालू असलेला) दाता. त्यापासून जितकं दूर जावं तितकी जोखीम थोडी थोडी वाढते. दात्याचं वय साठीच्या पुढे असणं, लिव्हरमध्ये चरबी असणं, आयसीयूतला मुक्काम लांबणं, रक्तदाब टिकवायला जास्त औषधं लागलेली असणं, रक्तातलं सोडियम चढलेलं असणं, हिपॅटायटिसच्या खुणा सापडणं, लिव्हर बर्फात बराच वेळ राहणं, किंवा एकच लिव्हर दोघांत वाटलेलं असणं, ही नेहमीची कारणं. मेंदूमृत्यूऐवजी हृदय थांबल्यावर काढलेलं लिव्हरही यातच येतं.

२००६ साली अमेरिकेत यातल्या काही गोष्टी एकत्र करून दात्याच्या जोखमीचा एक आकडा तयार झाला, आणि तेव्हापासून जगभर तो किंवा त्याची भावंडं वापरली जातात. तरी ‘इथून पुढे मार्जिनल’ अशी एकच रेघ कुठेही नाही. इटलीत पंचाहत्तरीच्या दात्याचं लिव्हर आलं तर कोणी दचकत नाही. आपल्याकडे पासष्ट म्हटलं की नातेवाईक एकमेकांकडे बघतात.

अशी लिव्हर घ्यायची वेळच का येते?

हिशेब साधा आहे. भारतात दहा लाख लोकांमागे वर्षाला एकही मरणोत्तर दाता भरत नाही. स्पेनमध्ये हाच आकडा चाळिशीच्या वर आहे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशा चार विभागीय केंद्रांमधून वाटप होतं, आणि चारही ठिकाणी यादी लांब आणि दाते थोडे, हीच रड आहे.

आपल्याकडचे बरेच दाते दुचाकीच्या अपघातात डोक्याला मार लागलेले असतात, म्हणजे वयाने तरुण. दुसरा मोठा गट ब्लडप्रेशर चढून मेंदूत रक्तस्राव झालेल्यांचा, त्यांचं वय आणि पोट दोन्ही पुढे असतं. म्हणजे इथे काठावरचं लिव्हर म्हटलं की बहुधा चरबीचं किंवा सोडियमचं प्रकरण असतं. सोडियमचं थोडं समजावून सांगते, कारण ‘दात्याला मिठाचा त्रास होता का?’ असं विचारणारे भेटतात. मिठाचा काही संबंध नाही. मेंदू मेला की मेंदूच्या तळाच्या पिट्युटरी ग्रंथीतून लघवी आवरून धरणारं संप्रेरक येईनासं होतं. मग लघवी धो धो होते, शरीरातलं पाणी निघून जातं आणि सोडियम १५५ च्या वर चढतं. आयसीयूतल्या लोकांनी वेळेत ओळखून पाणी आणि ते संप्रेरक दिलं तर काही तासांत ते खाली येतं. दात्याची नीट निगा राखणारं आयसीयू हाताशी असेल तर काठावरचं लिव्हर काठाच्या बरंच आत येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ती निगा राखणाऱ्या सिस्टरचं नाव कुठल्याही बातमीत येत नाही.

लिव्हर घ्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात कसं?

आधी कागदावर, मग हाताने, आणि शंका राहिलीच तर सूक्ष्मदर्शकाखाली.

कागदावर म्हणजे दात्याचं वय, रिपोर्ट, सोनोग्राफी. पण खरा निर्णय दात्याचं पोट उघडल्यावर होतो. चांगल्या लिव्हरची कड धारदार असते, रंग तपकिरी-लालसर असतो, हाताला मऊ लागतं. चरबी झालेल्या लिव्हरची कड बोथट होते, रंग पिवळटाकडे झुकतो, बोटाने दाबलं तर खड्डा पडल्यासारखं होतं. अनुभवी सर्जन हात लावून बरंच सांगतात, पण त्यांचाही अंदाज चुकतो. म्हणून एक लहान तुकडा काढून लगेच गोठवतात, काप करतात आणि पॅथॉलॉजिस्ट तो पाहतात. मोठ्या थेंबांची चरबी ३० टक्क्यांच्या आत असली तर सहसा पुढे जातात. ३० ते ६० मध्ये वाद असतो आणि ६० च्या वर बहुतेक केंद्रं नको म्हणतात. बारीक थेंबांच्या चरबीची एवढी भीती नसते.

या पाऊण-एक तासात इकडे पेशंट उपाशी, हातात सलाइन, ऑपरेशन थिएटरच्या दारात असतो. आणि तिकडून फोन येतो, ‘नको, सोडतोय.’ हा निरोप मीच नेऊन देते. माणसं चिडतात, रडतात, एकदा एका काकूंनी माझा हात धरून ‘आमचंच नशीब फुटकं’ म्हणत तासभर बसवून ठेवलं होतं. पण त्या रात्री जे घेतलं नाही ते का घेतलं नाही, हे कळलं की पुढच्या वेळी जे घेतात त्यावर भरवसा बसतो.

मुद्द्याचं सांगा. असं लिव्हर किती वर्षं चालतं?

मोठ्या परदेशी नोंदणींमध्ये लिव्हर प्रत्यारोपण झालेल्या शंभरपैकी साधारण ९० जण एक वर्षानंतर हयात असतात, पाच वर्षांनंतर ७५ च्या आसपास, दहा वर्षांनंतर ६० च्या आसपास. हे सगळ्या प्रकारच्या दात्यांचे मिळून आकडे आहेत.

काठावरच्या लिव्हरमध्ये फरक पडतो तो मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत. लिव्हर उशिरा कामाला लागणं, रक्तस्राव, किडनी रुसणं, जंतुसंसर्ग, क्वचित लिव्हर चालूच न होणं, ही सगळी त्याच काळातली संकटं. दोन्ही गटांचे आलेख शेजारी ठेवले तर सुरुवातीला एक रेघ दुसरीपेक्षा खाली घसरते, आणि नंतर दोन्ही बऱ्याच अंशी समांतर जातात. एक वर्ष निभावलेल्या माणसाचं पुढचं आयुष्य दात्याच्या वयापेक्षा त्याच्या स्वतःच्या कॅन्सरवर, हृदयावर, किडनीवर, साखरेवर आणि मूळ आजार परत येतो की नाही यावर जास्त ठरतं. पेशंटला हे पटवणं अवघड जातं. दहा वर्षांची चिंता करत बसलेल्या माणसाला मी सांगते, आधी नव्वद दिवसांची करूया.

याला अपवाद आहेत आणि ते मी लपवणार नाही. हृदय थांबल्यावर काढलेल्या लिव्हरच्या पित्तनलिकांचं दुखणं महिन्यांनी उगवू शकतं, त्याचा प्रश्न पुढे स्वतंत्र आहे. आणि हिपॅटायटिस सी असलेल्या पेशंटला वयस्कर दात्याचं लिव्हर लावलं की तो विषाणू नव्या लिव्हरवर जास्त वेगाने व्रण करायचा. जुन्या अभ्यासांमध्ये वयस्कर दात्यांचे आकडे वाईट दिसतात त्याचं एक मोठं कारण हेच होतं. २०१३ नंतर सोफोसबुविरसारखी औषधं आली आणि ते कारण जवळजवळ गळून पडलं. म्हणून इंटरनेटवर २००५ सालचा तक्ता वाचून घाबरू नका.

सत्तर वर्षांच्या माणसाचं लिव्हर चाळिशीच्या माझ्या नवऱ्याला कसं पुरेल?

लिव्हर हा अवयव वयाच्या बाबतीत हट्टी आहे. हृदयाच्या आणि किडनीच्या रक्तवाहिन्या वयाबरोबर जेवढ्या कडक होतात तेवढं लिव्हरचं होत नाही. त्याला दोन बाजूंनी रक्त मिळतं, त्याच्याकडे शिल्लक ताकद भरपूर असते आणि पेशी नव्याने तयार होत राहतात. अमेरिकेतल्या १९९० ते २०२२ या काळातल्या अडीच लाखांहून जास्त प्रत्यारोपणांच्या नोंदी तपासल्या तेव्हा २५ लिव्हर अशी सापडली, की दात्याच्या शरीरातली आणि नंतर पेशंटच्या शरीरातली वर्षं मिळवली तर शंभरी भरत होती. त्या दात्यांचं सरासरी वय चौऱ्याऐंशीच्या पुढे होतं. अर्थात एवढ्या ढिगातून २५, म्हणजे प्रत्येक म्हातारं लिव्हर शंभरी गाठतं असं नाही. पण वय एकटंच असेल, सोबत चरबी नसेल, बर्फातला वेळ कमी असेल, तर ते फार मोठं पाप नव्हे.

आमच्याकडे फॉलोअपला बारामतीकडचे एक निवृत्त गुरुजी येतात. त्यांना एकाहत्तर वर्षांच्या बाईंचं लिव्हर मिळालं. त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठं. ओपीडीत बसले की पोटावर हात ठेवून म्हणतात, ‘हे माझ्या मोठ्या बहिणीचं. ऐकावंच लागतं.’ आणि खरंच ऐकतात. सकाळी आणि रात्री नऊचा गजर, खिशात गोळ्यांची डबी, वहीत तारीखवार बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला काविळीचा आकडा.

पहिल्या आठवड्यात कशावर लक्ष ठेवतात?

सातव्या दिवशी बिलिरुबिन १० किंवा जास्त, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) १.६ किंवा जास्त, किंवा पहिल्या सात दिवसांत कधीही एसजीओटी-एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे घटक) २००० च्या वर, यातलं काहीही झालं तर नवीन लिव्हर अडखळतंय असं समजतात. काठावरच्या लिव्हरमध्ये हे जास्त दिसतं. बहुतेक वेळा ते सावरतं, पण आयसीयूतला मुक्काम वाढतो, कधी काही दिवस डायलिसिस लागतं, आणि बिलही वाढतं. पैशाची तजवीज करताना ही शक्यता धरा. कोणी हे आधी सांगत नाही आणि मग दहाव्या दिवशी घरचे पतपेढीत धावतात.

अगदी क्वचित लिव्हर चालूच होत नाही. तेव्हा काही दिवसांत दुसरं मिळणं हाच उपाय. अशा पेशंटला यादीत सर्वांत वर घेतात.

भाऊ इंग्लंडमध्ये आहे. त्याला हृदय थांबलेल्या दात्याचं लिव्हर देणार म्हणतात. हे काय असतं?

आपल्या कायद्यात मेंदूमृत्यूची व्याख्या १९९४ पासून आहे आणि इथली बहुतेक मरणोत्तर लिव्हर तशीच मिळतात. ब्रिटन, नेदरलँड्समध्ये मात्र उपचार थांबवल्यावर हृदय बंद पडलं की काही मिनिटं वाट पाहून अवयव काढण्याची रीत रुळलेली आहे. अडचण त्या मिनिटांत आहे. रक्तपुरवठा बंद, शरीर अजून गरम.

लिव्हरच्या पेशींना दोन रक्तवाहिन्यांतून रक्त मिळतं, पण पित्तनलिकांची भिस्त एकट्या यकृत धमनीवर. त्यामुळे लिव्हर वाचतं आणि नलिका आतून करपतात. काही महिन्यांनी त्या जागोजागी आवळत जातात. अंगाला खाज, कावीळ, थंडी वाजून ताप, पुन्हा पुन्हा एंडोस्कोपीने स्टेंट, आणि काहींच्या बाबतीत शेवटी दुसरं प्रत्यारोपण. मार्जिनल लिव्हरचं उशिरा वसूल होणारं कर्ज म्हणतात ते हेच.

यावर नेदरलँड्सच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीचा निकाल २०२१ साली आला. लिव्हर लावण्याआधी दोन तास थंड, प्राणवायू मिसळलेल्या द्रावणाने यंत्रावर धुऊन घेतलं तर सहा महिन्यांत असे त्रासदायक आवळे ६ टक्के पेशंटमध्ये आढळले, नुसत्या बर्फात ठेवलेल्यांमध्ये १८ टक्के. तुमच्या भावाने एक प्रश्न जरूर विचारावा : लिव्हर यंत्रावर ठेवणार का, आणि कोणत्या प्रकारच्या?

ही यंत्रं नक्की काय करतात? आपल्याकडे आहेत का?

दोन घराणी आहेत. एक थंड, वर सांगितलेलं. दुसरं गरम : शरीराच्या तापमानाला रक्त फिरवत ठेवायचं आणि लिव्हर बाहेर असतानाच काम करतंय का ते बघायचं, आम्ल साफ करतंय का, पित्त तयार करतंय का. म्हणजे लावण्याआधी परीक्षा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत गरम यंत्रामुळे लिव्हरची इजा आणि वाया जाणाऱ्या लिव्हरचं प्रमाण, दोन्ही निम्म्याने कमी झाली. बर्मिंगहॅममध्ये त्याहून धीट प्रयोग झाला. सगळ्यांनी नाकारलेली ३१ लिव्हर यंत्रावर चढवली, त्यातली २२ लावण्याजोगी निघाली, आणि ते बावीसही पेशंट नव्वद दिवसांनंतर हयात होते. पण थांबा, पुढचं वाक्यही वाचा : त्यातल्या चौघांना पित्तनलिकांच्या त्रासामुळे नंतर दुसरं लिव्हर घ्यावं लागलं. बातम्यांमध्ये पहिलंच वाक्य येतं. झुरिकला तर २०२१ मध्ये एक लिव्हर तीन दिवस यंत्रावर जगवून मग लावलं.

भारतात ही सोय मोजक्या केंद्रांपुरती आहे आणि एका वेळचा खर्च मोठा आहे. आपल्याकडे आजही मुख्य यंत्र म्हणजे बर्फाची पेटी, ग्रीन कॉरिडॉर आणि घड्याळ. चांगलं लिव्हर बारा तासांपर्यंत बर्फ सोसतं. काठावरचं असेल तर आठच्या आत, जमेल तितकं लवकर, हा आमचा आग्रह असतो.

चरबीचं लिव्हर लावलं तर मलाही फॅटी लिव्हर होणार का?

दात्याची चरबी साधारण काही आठवड्यांत विरघळून जाते. नंतर बायोप्सी केली तर बऱ्याचदा तिचा मागमूसही नसतो. वर्ष-दोन वर्षांनी जी चरबी दिसते ती तुमची स्वतःची : ऑपरेशननंतर खुललेली भूक, स्टेरॉइड, वाढलेली साखर आणि ‘आता जरा खा रे बाबा’ म्हणणारं घर.

दात्याला हिपॅटायटिस होता असं कळलं. मग सरळ नाही म्हणू?

इथे घाई करू नका, कोणता आणि कोणत्या अवस्थेतला ते विचारा.

हिपॅटायटिस बी कधीतरी होऊन गेला, रक्तात फक्त कोअर अँटिबॉडी उरली, असे दाते आपल्याकडे नेहमी भेटतात. असं लिव्हर लावलं की विषाणू जागा होण्याची शक्यता असते, विशेषतः पेशंटला बी कधी झालेला नसेल आणि लसही घेतलेली नसेल तर. म्हणून रोज एक गोळी देतात, बहुधा एंटेकाविर किंवा लॅमिव्हुडिन, आयुष्यभर. ती चुकवली नाही तर दूरचे निकाल इतरांसारखेच आहेत. पाच वर्षं सगळं छान चाललंय म्हणून ती गोळी परस्पर बंद करणारे लोक हीच मला यातली खरी भीती वाटते.

सीच्या बाबतीत चित्रच पालटलं. आता आठ-बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले ९५ हून जास्त पेशंट बरे होतात, त्यामुळे अमेरिकेत सी असलेल्या दात्यांची लिव्हर सी नसलेल्या पेशंटना लावून नंतर औषध देतात, आणि निकाल बरोबरीचे येतात. यासाठी तुमची वेगळी लेखी संमती लागते.

दाता दारू पीत होता म्हणे.

सवय कळते, तिचा परिणाम बायोप्सीत दिसतो. व्रण नसतील, चरबी मर्यादेत असेल तर सवय लिव्हरबरोबर येत नाही.

नाही म्हणून पुढच्या चांगल्या लिव्हरची वाट पाहिली तर?

या प्रश्नावर माझं मत ठाम आहे, आणि ते मी लपवत नाही. लोक काठावरच्या लिव्हरची तुलना मनातल्या मनात पंचविशीतल्या पैलवानाच्या लिव्हरशी करतात. ते लिव्हर यादीत नाही. तुलना करायची ती आज मिळतंय ते लिव्हर आणि आत्ता पोटात असलेलं लिव्हर यांची.

अमेरिकेतल्या २००५ ते २०१० च्या नोंदींत असं दिसलं, की वाट पाहता पाहता जे दगावले किंवा फार खालावल्यामुळे यादीतून काढले गेले, त्यांतल्या शंभरपैकी ८४ जणांसाठी किमान एकदा तरी लिव्हर आलं होतं. बहुतेक वेळा नाही म्हणणारा पेशंट नव्हता, केंद्र होतं. तरीही आकडा डोळे उघडणारा आहे.

उलट बाजूही आहे. मेल्ड स्कोअर (रक्ताच्या तपासण्यांवरून काढलेला आकडा, जितका जास्त तितका लिव्हरचा आजार गंभीर) १५ च्या खाली असेल तर घाईने काठावरचं लिव्हर घेण्यात फायदा नाही, ऑपरेशनचीच जोखीम आजारापेक्षा मोठी ठरते. स्कोअर चाळिशीला पोचला तर तीन महिन्यांत दगावण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या वर जाते, तिथे नाही म्हणायला फार मोठं कारण लागतं. मधल्या पट्ट्यात खरा विचार करावा लागतो. लिव्हरचा कॅन्सर असलेल्यांचा स्कोअर कमी दिसतो पण गाठ वाट पाहत नाही. पोटातलं पाणी महिन्यातून चारदा काढावं लागणाऱ्या माणसाचे हालही त्या आकड्यात उतरत नाहीत.

मग काठावरचं लिव्हर कोणाला द्यावं, सर्वांत आजारी माणसाला?

बऱ्याचदा नाही, आणि हे ऐकून लोक गोंधळतात. अत्यवस्थ माणसाला पहिल्याच दिवसापासून पळणारं लिव्हर लागतं. अडखळत सुरू होणारं लिव्हर आणि आधीच व्हेंटिलेटरवरचं शरीर, ही जोडी जड जाते. एक ढोबळ गणित आहे : दात्याचं वय गुणिले पेशंटचा मेल्ड. १६०० च्या वर गेलं तर सावध. सत्तर वर्षांचा दाता आणि स्कोअर १८ चा पेशंट म्हणजे १२६०, चालेल. तोच दाता आणि स्कोअर ३५ म्हणजे २४५०, तिथे सर्जन दोनदा विचार करतील. गणित शेवटचा शब्द नाही, पण ‘हे लिव्हर चांगलं का वाईट’ असा सुटा प्रश्न का निरर्थक आहे ते त्यातून कळतं.

बायको लिव्हरचा भाग द्यायला तयार आहे, पण तिचं लिव्हर फॅटी निघालं. तिलाही मार्जिनल म्हणून चालवून घेता येईल का?

इथे आम्ही कडक आहोत. मरणोत्तर दात्याच्या बाबतीत जोखीम फक्त पेशंटची. जिवंत दात्याच्या बाबतीत टेबलावर निरोगी माणूस असतं. तिच्याकडे किमान ३० टक्के लिव्हर उरायला हवं, आणि पेशंटला मिळणारा भाग साधारण त्याच्या वजनाच्या ०.८ टक्के तरी हवा. उरलेल्या भागात चरबी असेल तर हे आकडे फसवे ठरतात.

सुदैवाने ही चरबी घालवता येते. सीटी स्कॅनवर लिव्हरची घनता प्लीहेशी ताडून चरबीचा अंदाज घेतात, मग आहार आणि चालणं, आणि सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन. नवऱ्यासाठी दोन महिन्यांत सात किलो उतरवून आलेल्या बायका मी पाहिल्यात. एकच विनंती, उपास करते म्हणून साबुदाण्याची खिचडी, वेफर्स आणि राजगिऱ्याचे लाडू नकोत. त्याने लिव्हर आणखी पिवळं होतं.

नंतरची काळजी वेगळी असते का?

औषधं तीच. शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती आवरून धरणारं टॅक्रोलिमस मुख्य, त्याची रक्तातली पातळी सांभाळणं हीच अर्धी लढाई. कुठल्याही गावातल्या डॉक्टरांकडे गेलात तर आधी टॅक्रोलिमसचं नाव सांगा, कारण बुरशीची काही औषधं आणि क्लॅरिथ्रोमायसिन ती पातळी चढवतात, तर टीबीचं रिफॅम्पिसिन पाडतं. ग्रेपफ्रूट आपण फारसं खात नाही, पण त्याचं भावंड पपनस गणपतीच्या सुमारास घरोघरी येतं. तेही नको. प्रतिकारशक्ती वाढवायला म्हणून गुळवेलीचा काढा तर अजिबात नको : जी शक्ती आम्ही औषध देऊन आवरून धरलीय तीच तुम्ही उठवायला निघता. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या सहा जणांची नोंद प्रसिद्ध केली, आणि ते तर प्रत्यारोपण न झालेले लोक होते.

किडनी तपासत राहा. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात लिव्हर बदललेल्यांपैकी १८ टक्क्यांची किडनी पाच वर्षांत गंभीररीत्या खालावलेली होती. ज्यांचं लिव्हर सुरुवातीला अडखळलं त्यांची किडनी तेव्हाच मार खाऊन बसलेली असते, म्हणून त्यांनी क्रिएटिनिनकडे (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणाऱ्या रक्तातल्या आकड्याकडे) जास्त डोळसपणे पाहावं.

दात्याबद्दल आम्हाला काय काय सांगतात?

वय, मृत्यूचं कारण, लिव्हरची अवस्था, संसर्गाच्या चाचण्या. नाव आणि घर नाही.

संमतीची सही ऐन वेळी करायची असते का?

ऑपरेशनची सही ऐन वेळी. पण काठावरचं लिव्हर चालेल का, कोणत्या प्रकारचं चालेल, बीचं, सीचं, वयस्कर, हे सगळं यादीत नाव घालतानाच बोलून लिहून ठेवा. तेव्हा पेशंटचं डोकं शांत असतं. नंतर लिव्हर खालावलं की अमोनिया चढतो, माणूस भ्रमात जातो आणि निर्णय रात्रीच्या रात्री पोराबाळांच्या गळ्यात पडतो. मग भावंडांत भांडणं होतात, मी पाहिलीत.

कॉल नेहमी रात्रीच का येतो?

मेंदूमृत्यूच्या तपासण्या दोनदा कराव्या लागतात, मधे किमान सहा तास जावे लागतात, चार डॉक्टरांचं मंडळ सही करतं. मग नातेवाइकांची संमती, अपघात असेल तर पोलिसांचे कागद, वाटप, आणि कुठलं थिएटर कधी मोकळं. हे सगळं जुळेपर्यंत सहसा मध्यरात्र उलटते. म्हणून आमच्याकडे दोन नंबर देऊन ठेवा, दुसरा शेजाऱ्यांचा असला तरी चालेल, आणि झोपताना फोन सायलेंटवर टाकू नका.